वडापाव: गिरणीच्या भोंग्यापासून ऐरोलीच्या नाइट शिफ्टपर्यंत

आजचा भाग वडापाववर आहे. रेसिपी नाही, 'मुंबईतले टॉप टेन'ही नाही. वडापाव खाल्ल्यावर शरीराचं काय होतं, आणि हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी कुणाला का पडला नाही, यावर आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग.

जुलै 2025 मधली ती बातमी आठवते? समोसा, जिलेबी, वडापाव यांच्यावर आता सिगारेटसारखा धोक्याचा इशारा येणार म्हणून सगळ्या ग्रुपवर नुसता धुरळा उडाला होता. झालं होतं असं की केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांना सांगितलं, कँटीनमध्ये आणि लॉबीत खाण्यातल्या तेलाचं आणि साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावा. नागपूरच्या एम्सचं नाव त्यात आलं आणि बातम्यांनी त्या फलकांचा थेट 'इशारा' करून टाकला. मग मंत्रालयाला खुलासा करावा लागला की गाडीवर विकल्या जाणाऱ्या पदार्थांवर लेबल लावायला आम्ही सांगितलेलं नाही, आणि भारतीय पदार्थांनाच वेचून धरलेलं नाही. विषय तिथेच संपला. पण त्या दिवसांत दोनच पार्ट्या दिसत होत्या. एक म्हणे वडापाव म्हणजे विष. दुसरी म्हणे, आमचे आजोबा हेच खाऊन ऐंशी वर्षं जगले.

मला दुसऱ्या पार्टीचं म्हणणं जास्त इंटरेस्टिंग वाटतं, कारण ते खोटं नाही. माझेच आजोबा लालबागला एका गिरणीत साचेखात्यात होते. वडापाव खायचे, आवडीने खायचे, आणि त्यांना शेवटपर्यंत शुगर नव्हती. मी एकोणतीस वर्षांचा आहे, ऐरोलीला आयटी पार्कात बसतो, आणि गेल्या वर्षी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझा एचबीएवनसी 5.9 आला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी या टेस्टमधून कळते. 5.7 च्या खाली ठीक, 6.5 पासून पुढे मधुमेह, आणि मधला जो पट्टा आहे तो म्हणजे मधुमेहाच्या दारात. आमच्या टीममध्ये अकरा जण आहेत, त्या पट्ट्यात मी एकटा नव्हतो. मग आजोबांना जे पचलं ते आम्हाला का पचत नाही? मी डॉक्टर नाही, बीटेक आहे, त्यामुळे मला सवय अशी की इनपुट तेच आणि आउटपुट वेगळं आलं, तर मधे काय बदललं ते शोधायचं. ते शोधताना मी इतिहासात जाऊन पडलो.

सुरुवात थोडी लांबून करतो. फास्ट फूड हा शब्द अमेरिकेचा. 1948 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात मॅकडोनाल्ड नावाच्या दोन भावांनी आपलं चालतं हॉटेल बंद केलं, मेन्यू छाटून काहीच पदार्थ ठेवले आणि स्वयंपाकघराची कारखान्यासारखी मांडणी केली. एकाने फक्त पॅटी भाजायची, दुसऱ्याने फक्त फ्राइज तळायचे. तिथे कारखाना स्वयंपाकघरात शिरला. आपल्याकडे उलटं झालं. आपल्याकडे स्वयंपाकघर कारखान्याच्या वाटेवर येऊन उभं राहिलं.

वडापावातलं जवळजवळ सगळं बाहेरून आलंय, हे एकदा सांगून टाकतो, कारण हा अस्सल मराठी पदार्थ म्हणून छाती फुगवणारे बरेच भेटतात. पाव पोर्तुगिजांचा, शब्दही त्यांचाच. गोव्यात यीस्ट नव्हतं तेव्हा ताडी घालून पीठ फुगवायचे आणि तीच पावाची विद्या गोवेकर बेकरीवाल्यांनी मुंबईत आणली. बटाटा दक्षिण अमेरिकेतला आणि 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. मिरची तिकडचीच, चटणीत शेंगदाणा घालत असाल तर तोही तिकडचाच. आपलं म्हणजे बेसन, लसूण, हळद आणि जोडणी. ती जोडणी मात्र खरोखर आपली.

ती कुणी केली? सर्वात जास्त सांगितली जाणारी गोष्ट अशोक वैद्य यांची. 1966 मध्ये दादर स्टेशनबाहेर त्यांची बटाटावड्याची गाडी होती, शेजारी ऑम्लेट-पाव विकणारा होता, आणि त्यांनी वडा पावात घालून बघितला. त्याच काळात दादरलाच सुधाकर म्हात्रे यांनीही तो सुरू केला असं सांगणारे आहेत. पहिला कोण, हा वाद मला फार महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं आहे ते गिऱ्हाईक. दादरला उतरून परळ, वरळी, लालबागकडे जाणारी माणसं. हातात वेळ नाही, बसायला जागा नाही, ताटलीची भानगड नको, कागदात गुंडाळून चालता चालता खाता आलं पाहिजे. (शिवसेनाही 1966 चीच. उडुप्याच्या इडली-डोशासमोर मराठी माणसाचा वडापाव हे राजकारण पुढे बरंच चाललं, पण त्यावर वेगळा भाग करावा लागेल.)

आता इथे जरा थांबू या, कारण मुद्दा इथेच आहे. गिरणी कामगार वडापावावर जगत नव्हता. तो जगत होता खानावळीवर.

गिरणगावातले बरेच कामगार एकटे राहायचे. बायको-पोरं कोकणात किंवा घाटावर गावी, आणि हे इथे गाववाल्यांच्या खोलीत. एका खोलीत पाळीप्रमाणे झोपायचं, एक पाळीवर गेला की दुसरा त्याच जागेवर आडवा. अशा माणसांना जेवण कोण देणार? त्याच चाळींतल्या बायका. कुणाचा नवरा आजारी, कुणाचा दारू पिणारा, कुणी विधवा. घरच्या चुलीवर दहा-पंधरा जणांचा स्वयंपाक करायच्या, दोन वेळचा. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, भाजी, जमेल तेव्हा मासे. हिशेब महिन्याचा, गावी गेलात तर खाडा. आजोबा अशाच एका खानावळीत नऊ वर्षं जेवले. ते म्हणायचे, "वडापाव म्हणजे जेवण नव्हे रे, तो पाळीच्या आधीचा आधार." मला हे वाक्य तेव्हा नुसतं म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं होतं. आता वाटतं की पोषणशास्त्राचं अर्धं पुस्तक त्यात आहे.

पाळी म्हणजे काय ते बघा. साचेखात्यात आठ तास उभं राहायचं, साच्यांच्या मधून येरझाऱ्या घालायच्या, तुटलेला धागा जोडायचा, उकाड्यात आणि दमटपणात. हे काम मध्यम ते जड श्रमात मोडतं. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या आकड्यांनुसार 65 किलोच्या पुरुषाला बैठ्या कामात दिवसाला 2,110 कॅलरी लागतात, मध्यम श्रमात 2,710 आणि जड श्रमात 3,470. एक वडापाव साधारण 300 कॅलरींचा धरा. म्हणजे बैठा माणूस आणि मध्यम श्रमाचा माणूस यांच्यात दिवसाला दोन वडापावांचा फरक आहे, आणि बैठा आणि जड श्रमाचा यांच्यात साडेचार वडापावांचा! आजोबांचे वडापाव साचेखात्यात जळत होते. माझे कुठे जळणार, स्टँडअप मीटिंगमध्ये?

पण हा नुसता कॅलरींचा हिशेब असता तर प्रश्न सोपा होता. पावाचा मैदा आणि बटाट्याचा स्टार्च यांची साखर झटपट होते. तंतू जवळजवळ नाहीत, प्रथिनं म्हणाल तर बेसनाचा तेवढा पातळ थर. ही साखर रक्तात आली की तिला ठेवायची सर्वात मोठी जागा म्हणजे आपले स्नायू. आणि हलणारा स्नायू ही साखर इन्शुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतो. म्हणजे वडापाव खाऊन कामाला उभं राहणाऱ्या माणसाच्या पायांत ती साखर गेली. खाऊन खुर्चीत बसणाऱ्याच्या बाबतीत सगळा भार इन्शुलिनवर येतो. रोज येतो, वर्षानुवर्षं येतो. मग स्वादुपिंड दमतं.

इथपर्यंत मला वाटत होतं की उत्तर सापडलं. बसून काम, म्हणून साखर. पण माझं वजन जास्त नव्हतं ना! बीएमआय 22.8. चेकअपच्या डॉक्टर मॅडम रिपोर्ट बघत म्हणाल्या, "बारीक आहात, पण आपल्याकडे बारीक असून उपयोग नसतो." याचा अर्थ शोधायला गेलो आणि सापडले पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक.

केईएम हॉस्पिटल, पुणे इथल्या डॉ. याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ती बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून बघितली. साउदॅम्प्टनचं बाळ सरासरी 3.5 किलोचं, आपलं 2.7 किलोचं. आपलं बाळ लहान असणार हे अपेक्षितच होतं. धक्का वेगळाच होता. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे आईच्या पोटात असताना तुटपुंज्या पोषणात शरीराने हिशेब केला, स्नायूंवर काटछाट केली आणि चरबी राखली. याला 'बारीक-लठ्ठ' भारतीय असं नाव पडलं.

2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा, जवळजवळ गमतीशीर लेख आला. त्यात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. संशोधकाने स्वतःच्याच अंगावर पुरावा दाखवला! म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा 25 नाही तर 23 ला आखली आहे, आणि मधुमेहसुद्धा आपल्याला युरोपातल्या लोकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या मोठ्या पाहणीचा अंदाज होता की देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी दारात उभे आहेत.

याचा अर्थ काय झाला? साखर साठवायची जागा, म्हणजे स्नायू, आपल्याकडे जन्मतःच कमी. आजोबांकडेही कमीच असणार, दुष्काळी गावातला जन्म त्यांचा. पण जे होते ते दिवसाचे आठ तास चालू होते, आणि बाकीचं ताट डाळ-भाकरीचं होतं. टंचाईसाठी तयार झालेलं शरीर टंचाईतच राहिलं. आमच्या बाबतीत शरीर तेच आणि दारात स्विगी.

मधे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हात रिकामे झालेल्या कित्येकांनी वडापावची गाडी टाकली, कारण भांडवल कमी लागतं आणि कढई घरात असते. म्हणजे गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर, ज्याच्यासाठी वडापाव झाला तो कामगारच विकणारा झाला. वडापाव सगळ्या मुंबईत पसरला आणि खाणारा हळूहळू बदलला. खाडीच्या अलीकडे आपल्याकडेही तेच. ठाणे-बेलापूर रस्त्यावर आधी कारखाने होते, त्यांच्या गेटवर गाड्या होत्या. 1992 मध्ये वाशीपर्यंत लोकल आली, वस्ती वाढली, मग त्याच पट्ट्यात महापे, रबाळे, ऐरोलीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. गाड्या गेटवरच राहिल्या. रात्री अडीच वाजता अमेरिकेचा कॉल संपवून खाली येणाऱ्या पोराला तीच कढई दिसते.

कढईवरून आठवलं. तेल! यावर खरं तर एक अख्खा भाग होईल.

जुन्या महाराष्ट्रात तेल म्हणजे शेंगदाण्याचं, करडईचं. 1937 मध्ये डालडा आला, त्याचा कारखाना शिवडीला. वनस्पती तूप म्हणजे तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन घालून ते घट्ट करायचं. स्वस्त, टिकाऊ, तुपासारखं दिसणारं. बेकरीवाल्यांनी आणि हलवायांनी ते डोक्यावर घेतलं. या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतं, जे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि वर चांगलं कमी करतं, हे कळायला पुढची पाचेक दशकं गेली. डेन्मार्कने 2003 मध्ये त्यावर कायदा केला. आपल्याकडे एफएसएसएआयने मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणत जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांवर आणली. म्हणजे आपल्या आई-वडिलांच्या पिढीने उमेदीची सगळी वर्षं मर्यादेशिवायची खारी आणि नानकटाई खाल्ली.

दुसरं पामतेल. रेशनवरचं पामोलिन घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. 1994 मध्ये सरकारने त्याची आयात खुली केली आणि आज जगात सर्वात जास्त पामतेल आयात करणारा देश आपण आहोत. शेंगदाणा तेलात संपृक्त चरबी पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते, पामतेलात जवळपास निम्मी. कढईवाल्याला दोष देत नाही हां मी. पंधरा-वीस रुपयांच्या वडापावात तो शेंगदाणा तेल कुठून आणणार?

आणि तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते फुटत जातं, त्यात नको ती संयुगं साठतात. नियम असा आहे की ही ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली की तेल बाद. हा नियम जुलै 2018 पासून आहे. गाडीवर मोजणार कोण, हा प्रश्न विचारू नका. काळपट झालेलं, फेसाळणारं, तापायच्या आधीच धूर सोडणारं तेल दिसलं तर पुढच्या गाडीवर जा, एवढं तरी आपल्या हातात आहे.

काही जण म्हणतील, मग ब्रँडेड खा, स्वच्छ असतं. ऑक्टोबर 1996 मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं, दिल्लीत आणि लगेच वांद्र्याला. आपल्या नवी मुंबईचा त्यात हात आहे बरं का, त्यांच्या टिक्की आणि पॅटी बनवणारा व्हिस्टाचा कारखाना तळोज्याला आहे. स्वच्छतेत तिथे फारशी शंका नाही. पण स्वच्छता आणि साखर हे वेगळे विषय आहेत. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 20 माणसं आरोग्य संस्थेतच ठेवली, दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न. समोर ठेवलेल्या ताटात कॅलरी, साखर, चरबी, तंतू सगळं सारखं जुळवलेलं. हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. अतिप्रक्रियेच्या दोन आठवड्यांत लोकांनी रोज 500 कॅलरी जास्त खाल्ल्या आणि सरासरी 0.9 किलो वाढले. खाण्याचा वेगही जास्त होता. मऊ, न चावता आत जाणारं, त्यामुळे पोट भरलं हा निरोप पोचायच्या आत ताट साफ. गाडीवरचा ताजा वडा या व्याख्येत बसत नाही, हे वडापावप्रेमींच्या माहितीसाठी. पण तो पावही फारसा चावावा लागत नाही, हेही तितकंच खरं.

आता तुम्ही विचाराल, तू खातोस की नाही? खातो. आठवड्यातून एकदा, एकच, आणि जेवणाऐवजी नाही. खाऊन झाल्यावर पार्कला एक चक्कर मारतो, पंधरा मिनिटं, ती स्नायूंची गोष्ट वाचल्यापासून. एचबीएवनसी सध्या 5.7 आहे. हे माझं झालं, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मला जास्त विचार पडलाय तो खानावळीचा. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तोवर या बायका वाण्याकडून उधारीवर माल घ्यायच्या आणि व्याजातच पिचायच्या. मंडळाने त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. लाखो कामगारांच्या शहरात दोन वेळचं ताजं, घरचं, परवडणारं जेवण पोचवणारी ही अख्खी यंत्रणा होती, आणि ती ना कुठल्या कंपनीने बांधली होती ना सरकारने. वडापाव तिच्या जोडीला होता. गिरण्या गेल्या तेव्हा खानावळी गेल्या आणि जोडीला होता तो एकटा उरला. आमच्या पार्कात फूड कोर्ट आहे, सात काउंटर आहेत, भाकरी एकाही काउंटरवर नाही.

तर ऐरोली, रबाळे, महापे, घणसोली या भागात रात्री दहानंतर भाकरी-भाजी देणारी एखादी मावशी, एखादी खानावळ तुम्हाला माहीत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. त्यांची परवानगी घेऊन पुढच्या भागात पत्ता सांगेन. पुढचा भाग डालड्यावर. भेटू या.